वेळेचा वेच

कापसाच्या काटापावतीची मागची बाजू कोरी असते. जिनिंगवर आधी भरली गाडी काट्यावर चढते, मग रिकामी चढते, मधला फरक तेवढा आपला कापूस. ती चिठ्ठी नवरा खिशातून काढून फ्रिजवरच्या डब्यात टाकतो आणि आकडा वहीत उतरला की पावती माझी होते. गेली अकरा वर्षं मी जे काही लिहिलं, ते बहुतेक या पावत्यांच्या पाठीवर. एका पावतीवर चार ओळी मावतात, अक्षर बारीक काढलं तर सहा. मागे एका कविसंमेलनात निवेदकानं माझ्या ‘अल्पाक्षरी शैली’चं कौतुक केलं, तेव्हा मला हसू आवरेना.

परवा संध्याकाळी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सोले एका ताटात, टरफलं खाली, आणि डोक्यात एक ओळ जुळत आलेली. शेवटचा शब्द तेवढा सापडायचा होता. आतल्या खोलीतून हाक आली, “सूनबाई, वेचाले बाया आल्या काय वं?”

या माझ्या सासूबाई. घरात सगळे त्यांना बाई म्हणतात. वय ८४. गेली तीन वर्षं त्या अंथरुणाला आहेत आणि त्यांच्या डोक्यात सदा कापसाचाच हंगाम असतो. बाहेर मृग कोसळत असो की चैत्राचं ऊन तापत असो.

“आल्या, बाई. वावरात गेल्या.”

“दहीभात देल्ला काय त्याईले?”

“देल्ला.”

त्यांनी समाधानानं कूस बदलली. मी परत येऊन बसले, तर सोले होते, टरफलं होती आणि ओळ गेली होती.

दहीभाताची चौकशी त्या करतात ती सीतादहीमुळे. आमच्याकडे वेचणी सुरू होण्याआधी वावरात पूजा मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच बायका पऱ्हाटीत शिरतात. बाईंनी पन्नासेक वर्षं ही पूजा मांडली. पाहुण्यांची नावं पुसली, नातवंडांची पुसत चालली, पण पहिला घास वावराचा, हे पुसलं नाही.

गेलेल्या ओळीची हळहळ करावी, की बाईंनी समाधानानं कूस बदलली याचं सुख मानावं? प्रश्न माझ्या स्वयंपाकघरातला असला तरी तो फार जुना आहे. प्रपंचात राहून साधना होते का? लिहिणं म्हणजे परमार्थ, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. माझ्या चार ओळी देवघरात ठेवण्याजोग्या नाहीत. पण दोघांची मागणी एक आहे. दोघांना आपलं मन अख्खं हवं असतं, आणि घर तर ते कणाकणानं मागून घेतं.

या प्रश्नाशी भांडताना मला बाईंच्याच वाक्यातला शब्द सापडला. वेचणं. आपल्या मराठीनं या एका शब्दात दोन उलटे अर्थ बांधून ठेवलेत. फुलं वेचतो, कापूस वेचतो तेव्हा वेचणं म्हणजे गोळा करणं. आयुष्य वेचलं, पैका वेचला म्हणतो तेव्हा वेचणं म्हणजे खर्चणं. जुन्या वहीत जमाखर्चाला आयवेच म्हणत. तेव्हा मी वेळ वेचते म्हणजे नेमकं काय करते? ओटीत भरते की ओटीतून सांडते? मला वाटतं, दोन्ही करते. पण खरी मेख पुढे आहे. एकाच्या ओटीत वेळ भरतो, तेव्हा तो बहुतेकदा दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीतून सांडलेला असतो.

हे मला पहिल्यांदा दिसलं ते माझ्या माहेरी, कारंज्यात. कारंजा म्हणजे नृसिंहसरस्वतींचं जन्मगाव. दत्तजयंतीच्या आधी आमच्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह असायचा. सात दिवस बाबा पहाटे आंघोळ करून पोथीपुढे बसायचे. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असा तेव्हा दंडक, त्यामुळे आई वाचायची नाही. ती रांधायची. सोवळ्यातलं पाणी, सोवळ्यातला नैवेद्य, बाबांचं एकभुक्त, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा, आणि आम्हा चौघा भावंडांना गप्प बसवणं. आठव्या दिवशी सगळे बाबांच्या पाया पडायचे, आईसुद्धा. बाबांच्या चेहऱ्यावर खरंच तेज असायचं, ते मी नाकारत नाही. आईच्या चेहऱ्यावर झोप असायची.

पण त्याच पोथीत एक गोष्ट आहे आणि ती मी दाराआडून ऐकलेली आहे. कारंज्याच्या अंबेचा मुलगा जन्मल्यापासून फक्त ॐकार म्हणतो, दुसरा शब्द नाही. आई कष्टी होते, पोर मुकं निघालं म्हणते. मुंज लागते आणि आईनं भिक्षा घालताच तो वेद म्हणू लागतो. आता संन्यास घेऊन निघतो, म्हणतो. ती माउली त्याला अडवते, माझं पुढे कोण, विचारते. आणि तो अवतारी पुरुष थांबतो. तिला जुळे मुलगे होतात, ते काही महिन्यांचे होतात, तेव्हा तो घर सोडतो.

लहानपणी मला या गोष्टीत वैराग्य दिसायचं. आता दिसते ती त्याची बदली. ज्याला कुठलंच बंधन नव्हतं, त्यालाही आपली जागा भरल्याशिवाय उंबरा ओलांडता आला नाही. आणि वेद ज्याच्या ओठांवर होते, त्यानं घरातली पहिली वर्षं मुक्यानं काढली. लेकरं लहान असताना मी नऊ वर्षं एक ओळ लिहिली नाही. त्या नऊ वर्षांकडे पाहताना मला ही गोष्ट फार उपयोगी पडते.

देहूची गोष्ट घ्या. तुकोबा भंडाऱ्यावर जात, एकांतात बसत. मराठीला त्या एकांतानं काय दिलं ते सांगायला नको. पण डोंगरावरच्या त्या वेळेचा वेच कुणी केला? आवलीनं. दुष्काळात होरपळलेलं घर, लेकरं, आणि नवऱ्याला शोधत भाकरी घेऊन डोंगर चढणारी ती. तिच्या पायात काटा रुतला आणि प्रत्यक्ष विठ्ठलानं तो काढला, असं कथेकरी सांगतात. कीर्तनात आवलीला कजाग म्हणून हसतात, मीही हसलेय. मग लग्न झालं, घर आलं, आणि मला तिचं भांडण कळायला लागलं. तिचं वैर विठ्ठलाशी नव्हतं. हिशेब एकाच बाजूनं लिहिला जात होता, एवढंच ती ओरडून सांगत होती.

पैठणला मात्र हिशेब वेगळा आहे. एकनाथ गृहस्थ. पंगती उठत, अतिथी येत, गिरिजाबाई वाढत. त्याच घरातल्या माणसानं भागवतावर टीका लिहिली, भारुडं रचली आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. एवढा वेळ कुठून आला? लोककथेजवळ याचं उत्तर आहे: श्रीखंड्या. एक पोरगा कामाला आला, बारा वर्षं कावडीनं पाणी भरत राहिला, आणि गेल्यावर कळलं की तो श्रीकृष्ण होता. जनाबाईची गोष्टही तीच. तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसतो, शेण्या वेचतो.

या दोन कथा मी शेकडो वेळा ऐकल्या आणि प्रत्येक वेळी भक्ताची थोरवी ऐकली. देव काय करतो, ते आता आता नीट ऐकू आलं. तो जनीला जातं सोडून ये म्हणत नाही. नाथांना रांजण रिकामे राहू दे म्हणत नाही. तो खुंट्याला दुसरा हात लावतो, कावड खांद्यावर घेतो. मराठी माणसाच्या कल्पनेतली कृपा अशी घरकाम करत येते. प्रतिभेला आपण देवीचं देणं म्हणतो ना? मग ते देणं वरून झरझर उतरायची वाट पाहत बसण्यापेक्षा आधी पाणी कोण भरतंय ते पाहावं.

त्या कथेत एक बोचरी गोष्टही आहे. श्रीखंड्याला बारा वर्षं कुणी ओळखलं नाही. ओळख पटली तेव्हा तो गेलेला होता. घरोघरचे श्रीखंडे असेच असतात, आणि बहुतेक लुगडं नेसलेले. माझ्या आईला आम्ही कधी ओळखलं? ती गेल्यावर, पहिल्या दत्तजयंतीला. बाबा पोथीपुढे बसले आणि नैवेद्याला काही नव्हतं.

आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात विनोबांनी १९३०-३१ साली ‘गीताई’ लिहिली. संस्कृत कळत नाही, गीता मराठीत हवी, हे मागणं त्यांच्या आईचं, रुक्मिणीबाईंचं. तूच का करत नाहीस, असं ती मुलाला म्हणाली होती. ती १९१८ साली गेली, पुस्तक तिच्या हाती पडलं नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगातलं. ही सगळी पुस्तकं आमच्या घरी आहेत आणि मी ती डोक्याला लावते. पण एकदा भांडी घासताना मनात आलं, आईच्या मायेवर उभी असलेली ‘गीताई’ आणि ‘श्यामची आई’ ही दोन पुस्तकं दोन ब्रह्मचाऱ्यांनी लिहिली. आयांनी मागितलं, आयांनी सोसलं, लिहायला बसायचं मात्र ज्यांच्यामागे घर नव्हतं त्यांना जमलं. तुरुंगात स्वातंत्र्य नव्हतं, पण “दळण आणलं का” असं विचारणारंही कुणी नव्हतं. बहिणाबाई चौधरींना घर होतं, शेत होतं, जातं होतं. त्यांची गाणी आपल्याला मिळाली ती लिहिता येणाऱ्या घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून. १९५१ साली त्या गेल्या, पुस्तक १९५२ साली आलं.

माझी स्वतःची पहिली कविता शकुंतलेत झाली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची ती अरुंद रुळांची गाडी, कापसासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली. लग्नानंतर मी दारव्हा मोतीबागला चढायची आणि कारंज्याला उतरायची. गाडी इतकी सावकाश की पोरं उतरून बोरं वेचून पुन्हा चढत. सासर सुटलेलं असायचं, माहेर आलेलं नसायचं. मधल्या त्या काही तासांत मी कुणाची सून नव्हते की कुणाची लेक नव्हते. बाईच्या आयुष्यात असा बेवारस वेळ फार थोडा असतो. आता ती गाडी बंद आहे, रुळांवर गवत आहे.

साहित्य संमेलनाशीही माझं नातं असंच अर्धवट. १९७३ साली यवतमाळात ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरलं, तेव्हा बाबा शकुंतलेनं गेले होते. आई गेली नाही, मी पोटात होते. त्यानंतर यवतमाळला संमेलन आलं ते २०१९च्या जानेवारीत. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावरून गदारोळ झालेला, आणि उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीनं. मी मागच्या रांगेत होते. संमेलन तीन दिवसांचं, मला एक दिवस मिळाला होता, कारण दुसरा वेचा सुरू होता आणि बाया मोजक्या होत्या. मंचावरून वैशाली येडे बोलत होत्या तेव्हा टाळ्यांच्या आवाजात माझ्या डोक्यात भलताच हिशेब चालला होता. आज यांच्या घरची चूल कुणी पेटवली असेल? उद्या सकाळी उठून यांना काय काय करायचं असेल? बाजूच्या बाईला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, “मी पन तेच म्हनत होती.” आम्ही दोघीही शेवटच्या एसटीसाठी निघालो.

आता एक कबुली. मागल्या वर्षी नणंदेनं बाईंना महिनाभर तिच्याकडे नेलं. लेक नागपूरला, मुलगा पुण्याला. नवरा म्हणाला, आता लिही पोटभर. मी नवी वही आणली, चांगली दोनशे पानी. पहिल्या दिवशी दुपारी बसले, डोळा लागला. दुसऱ्या दिवशीही लागला. पंधरा दिवस मी नुसती झोपले. आधी मला शरम वाटली. मग गीतेतला ध्यानयोगाचा अध्याय आठवला. योग्याच्या आहाराबरोबर त्याच्या झोपेचाही हिशेब तिथे धरलेला आहे. ज्या बाईला वर्षानुवर्षं झोपेचं देणं आहे, तिला वेळ मिळाला की तो आधी त्या खात्यात जमा होणार. त्याला प्रतिभा आटली असं म्हणू नये.

वही अजून बरीच कोरी आहे. उरलेल्या पंधरा दिवसांत जे लिहिलं ते मी जबरदस्तीनं तोडलेलं होतं, आणि तसं तोडलेलं कापूस वेचणाऱ्या बाईला लगेच कळतं. बोंडं एका दिवसात फुटत नाहीत. झाडावर खालची आधी फुटतात, मग वरची. म्हणून पहिला वेचा, दुसरा वेचा, तिसरा वेचा. भल्या पहाटे दव असतं तेव्हा वेचत नाहीत, ओला कापूस खराब होतो. थांबायचं, दव उडालं की हात घालायचा. अर्धवट फुटलेलं बोंड ओढलं तर हाती कवडी येते. पूर्ण उमललेलं फार दिवस राहिलं तर वाऱ्यानं खाली पडतं आणि पाचोळा चिकटतो. आणि हंगाम संपल्यावर हावेनं पऱ्हाटी उभी ठेवून फरदड घेत बसलं, तर बोंडअळीची सोय होते. ही सगळी काव्यशास्त्राची कलमं मला बाईंनी शिकवली, त्यांना माहीत नसताना.

ओटी बांधलेल्या बाईचं मन कुठे असतं? बोलण्यात असतं, पोरात असतं, गाण्यात असतं, आणि हात मात्र फुटलेल्या बोंडावर अचूक पडतो. अख्खं मन एका जागी आणणं ही साधना आहे, हे मी मानते. पण विखुरलेल्या मनानं हात अचूक ठेवणं हीसुद्धा साधना आहे आणि तिच्यावर कुणी पोथी लिहिलेली नाही. तिच्यावर ओव्या आहेत, जात्यावरच्या. लेकराचं रडं, सासूचा शब्द, भावाची वाट, सगळं त्यांत आलं, कारण ते दळताना मध्ये आलं. व्यत्यय बाजूला सारून ती ओवी झाली नसतीच. म्हणून घर हीच प्रेरणा, असं गोड बोलून मी विषय मिटवणार नाही. जातं फिरवणारीला दुसरा हात हवाच होता. विठ्ठलाला खाली यावं लागलं, यावरून ओझं किती होतं ते समजावं.

हा लेख मी दहा रात्रींत लिहिला. शेती आहे, तेव्हा आयवेच मांडून ठेवते. त्यांतल्या सात रात्री नवरा बाईंजवळ बसला. पहिल्या रात्री त्याला त्यांचं अंथरूण बदलता येईना, तिसऱ्या रात्रीपासून यायला लागलं. दोन रात्री लेक सुटीवर आली होती. तिनं केलं आणि आपल्या अभ्यासाचं पुस्तक मिटून ठेवलं. ते मी पाहिलं आणि तरीही लिहीत राहिले, हेही खात्यात लिहिते. एक रात्र कुणी नव्हतं. त्या रात्री एकही ओळ झाली नाही, पण वेगळंच काही झालं.

बाईंनी विचारलं, “वेचाले बाया आल्या काय वं?” मी म्हटलं, “आल्या, बाई.” “मंग गाऊन नाही रायल्या?” मी काय बोलणार? गप्प राहिले. तेव्हा बाईंनीच, अंधारात, दात नसलेल्या तोंडानं ओवी धरली. मी ती कधी ऐकली नव्हती. तिच्यात या घराचा उंबरा होता, त्यांची सासू होती, आणि बाईंचं लग्नाआधीचं नाव होतं. ते नाव या घरात मी पहिल्यांदा ऐकलं. फ्रिजवरच्या डब्यातून पावती घेईपर्यंत पहिल्या दोन ओळी हाती होत्या. तिसरीला त्या थांबल्या. “पुढचं?” मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “पुढचं तुले ठाऊक असन.”

मला ठाऊक नाही. रोज रात्री मी त्यांच्याजवळ जरा बसते आणि बाया आल्या म्हणून सांगते. पावतीवर दोन ओळींची जागा मोकळी ठेवली आहे.